व्यवहारी अपूर्णांक

गणित हा माझा प्रांत नव्हे, हे या सदराच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. दहावीला गणिताचा पेपर देऊन आलो तो घरी न जाता थेट पंचवटीत काळारामाच्या देवळात जाऊन बसलो होतो. पास झाल्यावर रामरायाला नारळ वाहिला आणि त्या विषयाशी असलेला संबंध कायमचा तोडला. पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो, आणि गणितावाचूनही माणसाचा संसार चालतो अशी माझी समजूत होऊन बसली. ती समजूत गेल्या दिवाळीत, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतच्या सहा दिवसांत, घरातल्या दोघी जणींनी पार मोडून काढली. त्यांतली एक अकरा वर्षांची, ती आमची कन्या. दुसरी सत्त्याहत्तर वर्षांची, ती माझी सिन्नरची आत्या.

दिवाळीच्या अंकात अपूर्णांक कशाला, असे कोणी विचारील. पण दिवाळीचा पाडवा हाच मुळी अपूर्णांक आहे! वर्षाचे साडेतीन मुहूर्त आपण मोजतो. त्यांत गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन सबंध, आणि बलिप्रतिपदा हा अर्धा. देवीची पीठेही साडेतीन. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पुरी, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या वणीची सप्तशृंगी अर्धी. आता पाडव्याला घेतलेले सोने काही अर्ध्या किमतीला मिळत नाही, आणि वणीच्या गडावरची गर्दीही अर्धी नसते. पण मराठी माणसाच्या बोलण्यात अपूर्णांक किती मुरला आहे, हे यावरून दिसते.

आणि नुसता अपूर्णांक नव्हे, वजाबाकीसुद्धा. 'पाऊण' हा शब्द घ्या. मूळ संस्कृत 'पादोन', म्हणजे पावाने उणे. 'पावणेदोन' म्हणजे दोनाला पाव कमी. 'एकोणीस' म्हणजे विसाला एक उणा. 'अडीच' हा 'अर्धतृतीय', म्हणजे दोन पुरते आणि तिसरा अर्धा. आणि जुन्या पाढ्यांतला 'औट', म्हणजे साडेतीन, हा त्याच चालीचा 'अर्धचतुर्थ'. आमच्या घरातले पोर बोलायला लागते तेव्हाच वजाबाकी करू लागते. फक्त आपण ती करतो आहोत हे त्याला कोणी सांगत नाही. वर्गात मी हे दर वर्षी मोठ्या ऐटीत सांगतो. पण शब्दाची व्युत्पत्ती सांगणे निराळे आणि उदाहरण सोडवणे निराळे.

गेल्या दिवाळीला आत्या भाऊबीजेच्या चांगली चार-पाच दिवस आधीच येऊन राहिली होती. त्याला एक कारण होते. जुन्या नाशकात गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. माझे वडील अण्णा, बाळकाका आणि ही आत्या, अशी आजोबांची तीन मुले. वाड्याची एक भिंत पावसाळ्यात खचली, तेव्हा तो पाडून तिथे नवी इमारत उभी करायचे ठरले. बांधणाऱ्याला कागद स्वच्छ हवे होते. त्यासाठी आत्याने हक्कसोडपत्र करून द्यायचे होते. बहिणीने भावांच्या नावे हक्क सोडायचा, ही आपल्याकडची इतकी रुळलेली रीत की त्यात कोणाला काही विचारावेसेही वाटले नाही. मसुदा लिहिण्याचे काम, मराठीचा माणूस म्हणून, माझ्याकडे आले. वकिलाचे बोजड मराठी मी पुष्कळ सुधारले. "वाड्यात माझा जो काही हिस्सा असेल तो मी राजीखुशीने सोडीत आहे," हे वाक्य तर मला फारच जमल्यासारखे वाटले. त्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी घरात तळणाचा वास भरला होता आणि कन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सुटीचा अभ्यास घेऊन बसली होती. उदाहरण असे होते: आईने पाऊण लीटर तेल आणले. त्यातले अर्धा लीटर चकल्यांसाठी वापरले. तर किती तेल उरले? कन्येने ३/४ आणि १/२ असे मांडले, वरच्या तिनातून वरचा एक वजा केला, खालच्या चारातून खालचे दोन वजा केले, आणि २/२, म्हणजे एक लीटर, असे उत्तर काढून खाली दोन रेघा ओढल्या.

"म्हणजे उद्यापासून तेल आणायलाच नको," आमच्या सौभाग्यवती कढईपुढून म्हणाल्या. "अर्धा लीटर तळणाला घेतलं की पाव लीटर वाढतं!"

कन्येला चूक कळली, पण कुठे ते कळेना. मलाही कळेना. मी घसा साफ करून "छेद वेगळे असले म्हणजे..." अशी सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. तेव्हा चकल्या पाडणाऱ्या आत्याने मानही वर न करता विचारले, "पाऊण म्हणजे किती पाव गं?"

"तीन."

"आणि अर्धा म्हणजे?"

"दोन पाव."

"मग तीन पावांतून दोन पाव गेले तर?"

"एक पाव! पाव लीटर!"

"तर मग त्याला अर्धा कशाला म्हणत बसतेस? वजा करायचं असलं की दोन पाव म्हणावं."

एवढेच. ज्याला पुस्तकात 'समच्छेद करणे' म्हणतात ते हेच. अर्ध्याची किंमत बदलली नाही, त्याचे फक्त नाव बदलले. पाऊण आणि अर्धा ही दोन वेगळ्या मापांची माणसे. ती एकमेकांशी बोलू लागण्यासाठी दोघांनाही 'पाव' या एकाच मापात बोलावे लागते. खालचा आकडा, म्हणजे छेद, हा वस्तूची संख्या सांगत नाही, तुकड्याची जात सांगतो. जातीतून जात वजा होत नाही. एका जातीच्या तुकड्यांची संख्या तेवढी वजा होते.

पुढचे उदाहरण मात्र पावांत बसेना. पाऊण किलो बेसनातले एकतृतीयांश किलो लाडवांना घेतले, तर उरले किती? कन्या आत्याकडे पाहू लागली. आत्याने क्षणभर डोळे मिटले. "किलोला रुपया समज. पाऊण म्हणजे बारा आणे. तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. उरले सहा आणे आठ पै."

"पै म्हणजे काय, आत्याआजी?"

पुस्तकाच्या मागे उत्तर ५/१२ असे होते. मी कागद घेऊन ताळा पाहू लागलो. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पया बारा. म्हणजे रुपयाच्या पया एकशे ब्याण्णव. सहा आणे आठ पै म्हणजे ऐंशी पया. सोळा पाचे ऐंशी, सोळा बारे एकशे ब्याण्णव. ऐंशी भागिले एकशे ब्याण्णव म्हणजे पाच बारांश! आत्या सातवीपर्यंत शिकलेली. तिने लसावि हा शब्दही न उच्चारता तो वापरला होता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. फराळ जड झाला हे एक कारण, आणि ती एकशे ब्याण्णवची संख्या हे दुसरे. रुपयाचे पैसे चौसष्ट. चौसष्टाचे अर्धे, पाव, आठवा, सोळावा असे वाटेल तेवढे भाग करा, पण तिसरा भाग करायला जाल तर एक पैसा उरतो. तो तिसरा भाग बिनचूक करता यावा एवढी सोय त्या बारीकशा पैने केली होती. चौसष्ट त्रिक एकशे ब्याण्णव! तिघा भावांत एक रुपया वाटायचा तर प्रत्येकी पाच आणे चार पै. ना कमी, ना जास्त. जुन्या माणसांच्या खिशात लसावि नाण्यांच्या रूपाने खुळखुळत होता.

धान्याच्या मापांचेही तसेच. दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप पुढच्याच्या बरोबर निम्मे. अशा घरात पायलीतून अधोली वजा करताना कोणाला छेद आठवावा लागत नसे. आणि पाठांतराला होतेच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी! आत्याला ही सारी आजोबांनी संध्याकाळी परवचा म्हणताना शिकवली. पाऊणकी तर तिला अजून येते. 'सात पाऊणे सव्वापाच' हे ती आपण फोनचा नंबर सांगावा तितक्या सहज सांगते.

मग आले १९५७ साल. १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आत्या तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापलेली, भारताच्या नकाशाची, नव्या पैशांतली टपाल तिकिटे त्याच दिवशी देशभर विक्रीला आली. पुढच्याच वर्षापासून शेर जाऊन किलो येऊ लागला. हा बदल आवश्यकच होता, आणि त्याने देशाचा हिशेब सोपा केला, यात शंका नाही. पण आत्या एक गंमत सांगते. आण्याचे नवे पैसे सव्वासहा. सव्वा कुठून द्यायचा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोनाला बारा, तिनाला एकोणीस आणि चाराला पंचवीस असे ठरले. एकेक आण्याच्या चार वस्तू चार वेळा घेतल्या तर चोवीसच पैसे, आणि एकदम घेतल्या तर पंचवीस! आत्या पेन्सिली एकेक करून आणीत असे.

आता शंभराची खोड अशी की त्याचा पाचवा भाग चोख होतो, पण तिसरा होत नाही. तेहतीस तेहतीस करत बसावे लागते. आणि एकशे ब्याण्णवचा तिसरा भाग चोख होतो, तर पाचवा होत नाही. पै गेली, आणा गेला, पंचवीस पैशांची पावलीसुद्धा २०११ साली चलनातून गेली. पण ती राहती तरी सगळ्या वाटण्या जमवून देणारे नाणे कोणत्याच टांकसाळीत पडणे शक्य नव्हते. म्हणून माणसाला रीत हवी. ज्या वेळी जे तुकडे समोर येतील त्यांना साजेसे माप त्या वेळी तयार करता आले पाहिजे.

ही रीत आपल्याकडे फार जुनी. दुसऱ्या दिवशी 'समच्छेद' शब्दाचा माग काढायला मी कपाटातली भास्कराचार्यांची 'लीलावती' काढली. ग्रंथ ११५० सालचा; लिहिणाराचे वय तेव्हा छत्तीस. नाशिककराला हे घरचेच वाटावे, कारण मनमाडवरून पुढे चाळीसगावला उतरले की जवळच पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची हकिकत त्यात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

त्या ग्रंथात भुंग्यांचे एक उदाहरण आहे. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर गेला, या दोन हिश्शांत जो फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर गेले, आणि एक बिचारा दोन सुगंधांच्या ओढीत हवेतच घोटाळत राहिला. तर थवा केवढा? इथे सगळी गंमत त्या फरकात आहे. तिसऱ्यातून पाचवा कसा वजा करायचा? थव्याचे पंधरा भाग कल्पा. तिसरा हिस्सा म्हणजे पाच भाग, पाचवा म्हणजे तीन. फरक दोन भाग, त्याची तिप्पट सहा. पाच, तीन आणि सहा मिळून चौदा. उरला पंधरावा भाग, आणि तोच तो एकटा भुंगा. थवा पंधराचा. कुठल्याही भुंग्याचे पंख कापावे लागले नाहीत! समच्छेद म्हणजे दुसरे काय? ज्या संख्येत प्रत्येकाचा हिस्सा सबंधच्या सबंध मोजता येतो ती संख्या शोधायची. छेद आपसांत गुणण्याआधी त्यांना सामाईक भाजक असेल तर त्याने भागून घ्या, म्हणजे आकडे उगाच फुगणार नाहीत, ही सूचनाही भास्कराचार्यांनी देऊन ठेवली आहे.

इथवर सगळी मौज होती. पाडव्याला ती संपली.

अर्ध्या मुहूर्तावर मसुदा कायम करावा, म्हणून अण्णा आणि बाळकाका दुपारी बसले. फराळाला माझा एक वकील मित्र आला होता. बाळकाकांनी कागद आत्यापुढे सरकवला. "ताई, एकदा वाचून घे. दिवाळी झाली की नोंदणी कचेरीत जाऊन सही करून टाकू."

आत्याने चष्मा लावून माझे ते जमलेले वाक्य दोनदा वाचले. मग मला म्हणाली, "जो काही हिस्सा असेल तो, म्हणजे किती रे?"

मी अण्णांकडे पाहिले. अण्णा म्हणाले, "नववा. बाबा गेले तेव्हा वकिलांनी तसंच सांगितलं होतं."

"तेव्हा नववा होता," माझा मित्र करंजी खाली ठेवून म्हणाला. "आता तिसरा आहे."

"म्हणजे कमी झाला!" बाळकाका म्हणाले.

आम्ही हसलो, पण हसण्याचे कारण नव्हते. नवाचा आकडा तिनापेक्षा मोठा म्हणून नववा हिस्सा तिसऱ्याहून मोठा, असे वाटणारे बाळकाका एकटे नाहीत. अमेरिकेत 'ए अँड डब्ल्यू' नावाच्या खाणावळींनी १९८० च्या दशकात एकतृतीयांश पौंडाचा बर्गर काढला आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या पाव पौंडाच्या बर्गरच्या भावाला विकला, तरी गिऱ्हाईक येईना. चौकशी केली तेव्हा कळले की तीन चाराहून लहान, म्हणून आपल्याला कमी मांस देऊन तेवढेच पैसे घेतात, अशी पुष्कळांची समजूत होती. त्या वेळचे मालक आल्फ्रेड टॉबमन यांनी ही हकिकत आपल्या पुस्तकात सांगितली आहे. तिथे फार तर बर्गर खपला नाही. इथे वाडा होता.

मित्राने मग समजावून सांगितले, ते थोडक्यात असे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क फक्त मुलांचा. आजोबा १९९६ साली गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. आजोबांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे मनात धरायचे. आजोबा, अण्णा आणि बाळकाका यांना प्रत्येकी तिसरा हिस्सा. आत्याला त्या वाटणीत काही नाही. मग आजोबांच्या एका तृतीयांशाचे तीन मुलांत तीन भाग. आत्याला तिसऱ्याचा तिसरा, म्हणजे एक नवमांश. भावांना प्रत्येकी १/३ अधिक १/९, म्हणजे चार नवमांश. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नाही. आत्याचे लग्न १९६९ चे. मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर कायदा बदलला आणि मुलगी जन्मानेच मुलासारखी हक्कदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. आमच्या वाड्याची खरी वाटणी कधी झालीच नव्हती. तेव्हा चौघे हक्कदार, प्रत्येकी पाव. आजोबांच्या पावाचे तीन भाग, प्रत्येकी एक बारांश. १/४ अधिक १/१२ म्हणजे ४/१२, म्हणजे एक तृतीयांश.

"अपूर्णांकावरून माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलीत," मित्र म्हणाला, आणि त्याने सांगलीची हकिकत सांगितली. एक गृहस्थ १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. आईने न्यायालयात जाऊन चोवीसातले सात हिस्से मागितले. हिशेब असा, की मनातल्या वाटणीत नवरा, ती आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव. आणि नवऱ्याच्या पावाचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी एक चोविसांश. पाव म्हणजे चोवीसातले सहा. त्यात एक मिळवला की सात. पण पहिल्या न्यायालयाने तिला चोवीसातला एकच हिस्सा दिला; तिचा स्वतःचा पाव धरलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो धरला. मुलगा वर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी सात चोविसांशच कायम केले. मनात वाटणी झाली असे एकदा धरले, की तिचे सगळे परिणाम शेवटपर्यंत धरले पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. त्या बाईंचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आहे. आपण नुसते आई म्हणू. सातातून एक गेला, उरले सहा चोविसांश. त्या एका पावासाठी आईला दशकाहून अधिक काळ थांबावे लागले.

आत्या सगळे शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझा तुम्ही धरलेला नववा, आणि खरा तिसरा. यांत फरक किती?" आणि सवयीप्रमाणे तिने डोळे मिटले. "तिसरा म्हणजे पाच आणे चार पै. नववा म्हणजे एक आणा नऊ पै, आणि वर पैचाही तिसरा हिस्सा..." तिने डोळे उघडले. "हे पयांत बसत नाही रे."

एकशे ब्याण्णवला नवाने भाग जात नाही. आत्याचा हुकमी रुपया पहिल्यांदाच तोकडा पडला होता.

तेव्हा कन्येने फराळाच्या डब्यातून नऊ लाडू काढून ताटात तीन-तीनच्या तीन ओळींत मांडले. "आत्याआजी, हा वाडा. तिसरा हिस्सा म्हणजे ही एक ओळ, तीन लाडू. नववा म्हणजे एक लाडू. तिनातून एक गेला, दोन उरले. दोन नवमांश."

१/३ वजा १/९. कागदावर ते ३/९ वजा १/९ असे झाले, आणि उत्तर २/९. खोलीत कोणी बोलेना. आत्याचा हिस्सा म्हणून आम्ही जेवढा धरला होता, त्याच्या दुप्पट हिस्सा आम्ही धरलाच नव्हता. आणि तो 'जो काही असेल तो' या माझ्या चार शब्दांच्या पाठीमागे सुखाने दडून बसला होता. व्याकरणात त्या वाक्याला कुठेही दोष नव्हता. मी आयुष्यभर मुलांना नेमका शब्द वापरा म्हणून सांगत आलो, आणि जिथे आकडा हवा तिथे सर्वनामावर भागवले.

"मला ठाऊक नव्हतं गं," अण्णा म्हणाले.

"मलाही नव्हतं," आत्या म्हणाली. "सोडायचं तर सोडीन रे मी. पण किती सोडते ते कळून सोडीन. कागद राहू दे आज."

कागद राहिला. रात्री जेवताना बाळकाका फारसे बोलले नाहीत. खरे सांगायचे तर माझ्याही मनात एक हिशेब चालू होता, आणि तो उदात्त नव्हता. नवी इमारत, तीतला आपला वाटा, त्या वाट्यावर आधीच बांधलेले चार बेत! दोन नवमांश म्हणजे किती चौरस फूट, हे मी अंथरुणावर पडल्या पडल्या काढले आणि मग माझी मलाच लाज वाटली. ज्या गणिताशी संबंध तोडला होता ते असल्या वेळी मात्र बिनचूक जमले.

भाऊबीजेला आत्याने दोघा भावांना पाटावर बसवले, कुंकू लावले, ओवाळले. अण्णांनी तबकात पाकीट ठेवले, बाळकाकांनी ठेवले. आत्याने ती घेतली, आणि निरांजन खाली ठेवून म्हणाली, "आता माझ्याकडून ऐका. माझा म्हणून तुम्ही जो एक नवमांश धरला होतात, तो मी तुम्हा दोघांना सोडते. राजीखुशीनं. आणि जे दोन धरायचे राहिले, ते माझे. ते मी ठेवणार."

बाळकाकांनी मान खाली घातली होती. ते हळूच म्हणाले, "ताई, सगळेच ठेव की."

"नको. हिशेब झाला तो झाला," आत्या म्हणाली. "आणि आता लाडू खा, मोजून ठेवलेत ते."

मसुदा मी त्याच दुपारी पुन्हा लिहिला. 'जो काही असेल तो' खोडून तिथे 'एक नवमांश' असे अक्षरी आणि आकडी, दोन्ही घातले. कन्या शेजारी बसून ताळा पाहत होती. एक नवमांशाचे दोघांत दोन भाग, प्रत्येकी एक अठरांश. भावांचा मूळचा एक तृतीयांश म्हणजे सहा अठरांश. त्यात एक मिळवून प्रत्येकी सात. दोघांचे चौदा. आत्याचे दोन नवमांश म्हणजे चार अठरांश. चौदा आणि चार अठरा. अठरा अठरांश, म्हणजे एक सबंध वाडा. ताळा जमला.

गणिताच्या पुस्तकात या अपूर्णांकांना 'व्यवहारी अपूर्णांक' म्हणतात. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, पण व्यवहाराशी त्यांचा संबंध काय ते मला गेल्या दिवाळीत कळले. सुटी संपल्यावर कन्येने अभ्यासाच्या वहीत स्वतःचे म्हणून एक जादा उदाहरण लिहून दिले होते: 'एका आजींचा घरात १/३ हिस्सा होता. घरच्यांनी तो १/९ धरला. तर आजींचा किती हिस्सा धरायचा राहिला?' खाली रीत होती, उत्तर होते, आणि नऊ लाडवांचे चित्रही होते. बाईंनी त्यावर लाल शाईने शेरा मारला होता: 'उत्तर बरोबर. उदाहरण कोणत्या पुस्तकातले?'